विश्रांतीचा खंड आणि ओस पडणारे गाव

पीक घेण्यासाठी शासनाने शेतकऱ्याला साहाय्य करावे, हे आपल्या परिचयाचे आहे. पण पीक न घेण्यासाठी? अमेरिकेत १९८५च्या कृषी कायद्यापासून नेमके हेच चालू आहे. ‘कॉन्झर्वेशन रिझर्व्ह प्रोग्राम’ हे त्या योजनेचे नाव. धूप होणारी जमीन दहा ते पंधरा वर्षे नांगरायची नाही, तिच्यावर गवत वा झाडे राखायची आणि त्याबदल्यात शासनाकडून दरवर्षी खंड घ्यायचा, असा हा करार असतो.

यामागे एक दारुण अनुभव आहे. कोलोराडो राज्याच्या आग्नेय कोपऱ्यात बाका काउंटी आहे. काउंटी म्हणजे साधारणतः आपला जिल्हा. पहिल्या महायुद्धात गव्हाचे भाव चढले आणि या मैदानी प्रदेशातील शतकानुशतकांचे कुरण नांगराखाली गेले. १९३०नंतर अवर्षण आले, तेव्हा माती धरून ठेवायला गवताचे मूळ उरले नव्हते. १४ एप्रिल १९३५ रोजी धुळीचे असे वादळ उठले की, तो दिवस ‘काळा रविवार’ म्हणूनच ओळखला जातो. मृदातज्ज्ञ ह्यू बेनेट यांचे इशारे तेव्हा कोठे कानी पडले आणि त्याच महिन्यात मृदसंधारणाचा कायदा झाला.

या योजनेने माती थोपली, ओढ्यांत जाणारा गाळ घटला, गवताळ प्रदेशातील पक्ष्यांना आसरा मिळाला. हे श्रेय नाकारणे अन्यायाचे होईल. पण नाण्याला दुसरी बाजू आहे. जमीन पडीक राहिली की बियाणे, खते, अवजारे विकणाऱ्याचा धंदा बसतो. मजुराला काम उरत नाही. खंडाची रक्कम मात्र जमीनमालकाला मिळते, मग तो गावात राहो वा दूरच्या शहरात! हा धोका ओळखूनच एका काउंटीतील पिकाऊ क्षेत्राच्या २५ टक्क्यांहून अधिक जमीन सामान्यतः योजनेत घेऊ नये, असे बंधन कायद्यात आहे. बाका काउंटीची लोकसंख्या १९३०मध्ये दहा हजारांवर होती. २०२०मध्ये ती साडेतीन हजारांच्या आसपास उरली. या ओहोटीचा सारा दोष योजनेच्या माथी मारता येणार नाही, कारण ती फार आधीच सुरू झाली होती. पण माती वाचली म्हणून गाव वाचतेच असे नाही, एवढे यातून निश्चित दिसते.

पैशाने विकत घेतलेला संयम किती टिकतो, हाही प्रश्न आहे. २००७मध्ये या योजनेखाली सुमारे ३ कोटी ६८ लाख एकर क्षेत्र होते. पुढे इथेनॉलमुळे मक्याला मागणी आली, धान्याचे भाव कडाडले आणि करार संपताच अनेकांनी पुन्हा नांगर धरला. २०१४च्या कायद्याने कमाल मर्यादाही २ कोटी ४० लाख एकरांवर आणली. वीस वर्षे जपलेले गवत एका हंगामात उलथले गेले.

आपल्याकडे याचे अनुकरण शक्य नाही. २०१५-१६च्या कृषिगणनेनुसार महाराष्ट्रातील सरासरी जमीनधारणा १.३४ हेक्टर आहे. तेवढ्यावर पोट असलेला शेतकरी जमीन पडीक कशी ठेवणार? पण बोध घेता येतो. नगर जिल्ह्यातील हिवरे बाजारने शासकीय योजनांचा पैसा घेतला, परंतु चराईबंदी, कुऱ्हाडबंदी आणि पाण्याचे नियम ग्रामसभेने स्वतःवर घालून घेतले. तेथे अनुदान हे साधन राहिले, संयम गावाचा स्वतःचा होता.

अनुदान अवश्य द्यावे; मातीची राखण हे एकट्या शेतकऱ्याचे कर्तव्य नव्हे, तिचा लाभ साऱ्या समाजाला होतो. मात्र ते जमिनीच्या उताऱ्याकडे पाहून न देता जमिनीवर राबणाऱ्या हाताकडे पाहून द्यावे आणि त्याचा हिशेब गावासमोर मांडावा. खंड देणारा करार आज ना उद्या संपतो. माती राखायची, तर ती राखणारी माणसेही गावात टिकली पाहिजेत.