काळी वायर कापू नका हो!

मोठ्या ड्रोनचे हात लांब. मोटर टोकाला, तिच्याखाली स्पीड कंट्रोलर (आपला ईएससी) आणि फ्लाइट कंट्रोलर मधोमध. म्हणजे सिग्नलची वायर फूटभर तरी जाणारच. त्यात गैर काहीच नाही. गैर आहे ते आमची हौशी मंडळी कटर हातात आला की करतात ते. तीनपैकी लाल वायर कापतात (ते बऱ्याचदा बरोबर असतं) आणि त्याच झटक्यात काळीही उडवतात. का? तर म्हणे, "ग्राउंड बॅटरीकडून जोडलेलंच आहे की, दोनदा कशाला? उगाच वजन!"

वा! अहो, सिग्नल म्हणजे एका वायरीवरचं व्होल्टेज नव्हे, दोन वायरींमधला फरक. गेलेल्या करंटला परत यायला वाट लागते. काळी कापली की तो येतो बॅटरीच्या जाड वायरीतून, जिच्यात त्याच वेळी मोटरचे 20-30 अँपियर धडधडत असतात. ईएससीचं 'शून्य' आणि फ्लाइट कंट्रोलरचं 'शून्य' आता वेगळं, आणि तेही सारखं नाचणारं. शिवाय जाण्या-येण्याच्या वाटांमध्ये भलंमोठं रिंगण तयार होतं. मोटरचा गोंगाट पकडायला फुकटचा अँटेना! मग मोटर अडखळली की निदान ठरलेलं: "वायर लांब झाली, सिग्नल उशिरा पोचतो." मीटरभर वायरीत सिग्नलला साधारण 5 नॅनोसेकंद लागतात राव. आपल्या कंपनीची बस यापेक्षा जास्त उशीर करते :-)

जुन्या पीडब्ल्यूएममध्ये हे खपून जायचं. पल्स 1000 ते 2000 मायक्रोसेकंदांचा, त्याची कड 5 मायक्रोसेकंद हलली तर फरक अर्धा टक्का. वनशॉट125 मध्ये पल्स 125 ते 250 चा, म्हणजे तेच 5 झाले 4 टक्के. आणि डीशॉट600 मध्ये अख्खा बिटच 1.67 मायक्रोसेकंदांचा! तिथे चेकसम असतो, बिघडलेली फ्रेम ईएससी फेकून देतो. म्हणून लोक निर्धास्त. पण फ्रेमा गळताना दिसत नाहीत, आणि लागोपाठ फार गळल्या की मोटर हवेतच बंद. खाली सोसायटीची पोरं उभी असतात, आणि आपण बोलतोय वजनाबद्दल.

समोरच्यांचा एक मुद्दा मात्र खरा आहे. बॅटरीच्या निगेटिव्हचं सोल्डर सुटलं तर मोटरचा सगळा करंट बारीक काळीतून जाऊ बघेल आणि ती जळेल. कबूल. पण मग सोल्डरिंग नीट करा ना! ब्रेक लागत नाही म्हणून कोणी हँडल काढून ठेवत नाही.

करायचं एवढंच: सिग्नल आणि काळी एकमेकींना पीळ घालून न्यायच्या, बॅटरी आणि मोटरच्या वायरींपासून जमेल तेवढ्या लांब. ओलांडायची वेळ आलीच तर काटकोनात. फूटभर बारीक वायरीचं वजन ग्रॅम-दोन ग्रॅम. ते वाचवायचंच असेल तर हातांना चिकटवलेल्या त्या चमचमत्या एलईडी पट्ट्या काढा की आधी.