ब्रेक लावलेली गाडी मागे कशी येते?

ताशी ७२ किलोमीटर वेगाने जाणाऱ्या गाडीला ब्रेक लागला. तिचा वेग दर सेकंदाला ५ मीटर प्रतिसेकंद इतका कमी होतो. तर ब्रेक लागल्यापासून ६ सेकंदांत गाडी किती अंतर जाईल?

अकरावीच्या नव्या वर्गाला मी हे उदाहरण हमखास घालतो. पोरं हुशार असतात. ७२ चे २० मीटर प्रतिसेकंद तोंडीच करतात, गतीचं दुसरं समीकरण लिहितात, किमती घालतात. १२० वजा ९०, उत्तर ३० मीटर. खाली दोन रेघा.

पण ही गाडी चौथ्या सेकंदालाच थांबते, आणि तोवर ती ४० मीटर गेलेली असते. उत्तर ३० आलं, म्हणजे उरलेल्या दोन सेकंदांत, ब्रेक दाबलेला असताना, ती १० मीटर मागे आली! त्वरण कायम असेल तोवरच ही समीकरणं चालतात. गाडी थांबली की ब्रेकचं काम संपलं आणि समीकरणाचंही. ही अट पुस्तकात असते, पण तिच्यावर प्रश्न येत नाही, मग वाचतो कोण? सूत्राला गुण, किमती घालण्याला गुण. गाडी मुळात थांबली कधी, असं विचारणाऱ्याच्या पदरात काहीच नाही.

माझ्या वर्गात आधी वेग-काल आलेख काढायचा, सूत्र मागाहून. उंची २०, पाया ४, त्रिकोणाचं क्षेत्रफळ ४०, हेच अंतर. चौथ्या सेकंदाला रेघ अक्षाला टेकलेली डोळ्यांना दिसते, मग सहा सेकंदांचा मोह होत नाही. गॅलिलिओच्या १६३८ सालच्या ग्रंथात तरी आजच्यासारखी बीजगणिती सूत्रं कुठे आहेत? त्यानेही आकृत्या आणि गुणोत्तरांवरच भागवलं.

त्याच आलेखात वेग निम्मा, म्हणजे ताशी ३६ करून पाहा. उंची निम्मी, पायाही निम्मा, अंतर फक्त १० मीटर. उलट वेग दुप्पट केला की थांबायला चौपट रस्ता लागतो. त्यात ब्रेकवर पाय जाईपर्यंतचं अंतर धरलेलंच नाही. दोनेक वर्षांत हीच पोरं लायसन्स काढणार आहेत.

पेपर काढणाऱ्यांना माझी एवढीच विनंती आहे: एखाद्या उदाहरणात आलेखाला गुण ठेवा, आणि एखादी गाडी दिलेल्या वेळेआधी थांबू द्या.