'वा वा' पुरे, कान द्या

आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनात आठवीतल्या एका मुलीने अभंग म्हटला. कार्यक्रम संपल्यावर ती माझ्याकडे आली. "मॅडम, कसं झालं?" मी सवयीने म्हणाले, "वा! अगदी काळजाला भिडलं गं." तिचा चेहरा पडला. म्हणाली, "मॅडम, टीव्हीवाल्यांसारखं नका ना बोलू. कुठं चुकलं ते सांगा."

वीस वर्षे मी उर्दू आणि मराठी शिकवते. रोज वह्या तपासते. लाल पेनाने ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त करते, उर्दूच्या वहीत चुकलेले नुक्ते शोधते. निबंधाच्या खाली मी कधी 'काळजाला भिडला' असे लिहून वही परत दिलेली नाही. मग गाण्याच्या बाबतीत माझ्या तोंडून हे वाक्य आले कुठून? ते टीव्हीवरून आले. शनिवार-रविवारी रात्री जेवताना आपण सगळेच जे ऐकतो, तेच माझ्या तोंडून बाहेर पडले.

गाण्याच्या स्पर्धेत परीक्षक काय बोलतात ते एकदा कागदावर उतरवून पाहा. 'आग लावलीस.' 'अंगावर काटा आला.' 'तुझ्यात देव दिसला.' मग कोणीतरी उठून मंचावर जातो, मिठी मारतो, डोळे पुसतो. स्वर कुठे उतरला, सम कुठे निसटली, अंतऱ्यात श्वास कुठे तुटला, पट्टी झेपली का, यावर क्वचितच एखादे वाक्य येते. स्पर्धक मुलांनी वर्षानुवर्षे मेहनत घेतलेली असते. त्यांना जाताना काय मिळते? टाळ्या.

हे केवळ माझे चिडणे आहे असे समजू नका. २०२१ साली 'इंडियन आयडॉल'च्या बाराव्या पर्वात किशोरकुमारांवर खास भाग झाला. पाहुणे म्हणून त्यांचे चिरंजीव अमितकुमार आले होते. भाग दाखवला गेल्यानंतर त्यांनी जाहीरपणे सांगितले की, सगळ्यांची स्तुती करा असे मला सांगण्यात आले होते, मी ती केली, पण मला त्या भागात आनंद वाटला नाही. त्यानंतर थोड्याच दिवसांत सुनिधी चौहान बोलल्या. त्या याच स्पर्धेच्या पाचव्या आणि सहाव्या पर्वाच्या परीक्षक होत्या. स्तुती करायला आम्हालाही सांगितले जायचे, हे त्यांनीही मान्य केले. म्हणजे परीक्षेचा निकाल आधी ठरलेला आणि पेपर नंतर. आमच्या शाळेत असे झाले तर शिक्षणाधिकारी चौकशी लावतील.

यात स्पर्धकांचा दोष नाही. त्या पर्वात पवनदीप राजन, अरुणिता कांजीलाल, आपली सायली कांबळे, मोहम्मद दानिश अशी जातिवंत आवाजाची मुले होती. त्यांची चूक काढता आली असती, कारण ती काढण्याच्या लायकीची होती. चूक अशाचीच काढतात ज्याच्याकडून आशा असते. वर्गात ज्या मुलाला मी 'छान छान' म्हणून पुढे ढकलते, त्याच्यावरची माझी आशा संपलेली असते. हे लिहायला बरे वाटत नाही, पण प्रत्येक शिक्षकाला ठाऊक आहे.

आता दुसरी गोष्ट. गाणे सुरू होण्याआधी पडद्यावर घर दाखवतात. पत्र्याचे छप्पर, आईचे अश्रू, मागे सारंगी. अकराव्या पर्वाचा विजेता सनी हिंदुस्तानी आज बहुतेकांना 'बूटपॉलिश करणारा मुलगा' म्हणून आठवतो. त्याने कव्वालीचा तो उंच, फिरता आवाज कोठून उचलला, कसा घोटला, हे किती जणांना आठवते? दहाव्या पर्वाचा विजेता सलमान अली हरियाणातल्या मेवातचा, पिढीजात गाणाऱ्या मिरासी घरातला. गरिबी हा त्याच्या आयुष्याचा भाग असेलही. पण त्याच्या गळ्याचे खरे कारण त्याच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या चाललेली तालीम आहे. त्या तालमीबद्दल दोन शब्द बोलले असते, तर देशाला मिरासी कोण हे समजले असते. गरिबी दाखवून कौतुक करणे सोपे असते. विद्या मान्य केली, तर त्या माणसाला आपल्या बरोबरीचा म्हणावे लागते.

इथपर्यंत मी चॅनेलवाल्यांना बोलले. आता आपल्याकडे वळते, कारण आपणही काही कमी नाही.

त्या मुलीच्या अभंगाचा व्हिडिओ कोणीतरी मोबाइलवर काढला आणि दोन दिवसांत तो गावभर फिरला. तिच्या अब्बांना मेसेज येऊ लागले. अर्धे आपल्या लोकांचे होते: जवान होत चाललेल्या पोरीला स्टेजवर गायला लावता, शरम नाही का? अर्धे इतरांचे होते: बघा, मुस्लिम मुलगी असून अभंग म्हणते, सगळे मुसलमान असे असते तर! अब्बांनी मोबाइल माझ्यासमोर धरला. मी दोन्ही प्रकारचे मेसेज वाचले. दुसऱ्या ओळीत तिचा स्वर सरळ सरळ खाली आला होता. ते एकानेही लिहिले नव्हते. अभंग कोणाचा आहे, हेही कोणी विचारले नव्हते. तो शेख महंमदांचा होता, श्रीगोंद्याच्या. म्हणजे शिव्या देणाऱ्यांनी ऐकला नाही आणि ओवाळणाऱ्यांनीही ऐकला नाही. दोघांनीही फक्त तिच्या डोक्यावरची ओढणी पाहिली.

हे नवीन नाही. २०१७ मध्ये कन्नड 'सा रे ग म प'मध्ये सुहाना सय्यद नावाची मुलगी हिजाब घालून हिंदू भक्तिगीत गायली. परीक्षकांनी तिला ऐक्याचे प्रतीक ठरवले आणि फेसबुकवर आपल्यातल्या काहींनी तिला झोडपले. त्याच महिन्यात आसामच्या नाहिद आफ्रीनच्या कार्यक्रमाविरुद्ध ४६ जणांच्या नावाने पत्रक निघाले. चॅनेलांनी त्याला लगेच 'फतवा' म्हटले आणि आठवडाभर चर्चा रंगवल्या. ही मुलगी २०१५ च्या 'इंडियन आयडॉल ज्युनियर'मध्ये उपविजेती ठरलेली. त्या आठवड्यात तिच्या नावावर किती लोक बोलले! तिच्या आवाजावर किती बोलले?

ज्यांना गाणेच नाजायज वाटते त्यांच्याशी मी मसल्याचा वाद घालत नाही. तो माझा अधिकार नाही. तुमचे मत तुम्ही ठेवा, टीव्ही बंद करा, कार्यक्रमाला जाऊ नका. पण एखाद्या पोरीच्या बापाला रात्री अकरा वाजता मेसेज करणे हे कोणत्या किताबात लिहिले आहे? आणि गाणे 'आपले नाहीच' असे म्हणताना एकदा मिरजेला जाऊन या. मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात खाँसाहेब अब्दुल करीम खाँ विसावले आहेत. दर उरुसाला गायक तिथे येऊन हजेरी लावतात. सवाई गंधर्व त्यांचे शिष्य आणि भीमसेन जोशी सवाई गंधर्वांचे. ही साखळी कोणी ऐक्याचे प्रतीक व्हावे म्हणून जोडली नव्हती. एकाला विद्या द्यायची होती, दुसऱ्याला घ्यायची होती.

म्हणूनच कौतुकवाल्यांनाही माझे सांगणे आहे. 'बैजू बावरा'तल्या भजनाचा मेसेज तुम्ही दरवर्षी पाठवता: शकील बदायुनींनी लिहिले, नौशादांनी चाल दिली, रफींनी गायले, तिघेही मुसलमान. खरे आहे. पण सत्तर वर्षांनंतरही ते भजन ऐकले जाते ते मालकंसामुळे, त्या शब्दांमुळे, रफींच्या तार सप्तकामुळे. तिघे बेसूर असते तर त्यांच्या धर्माने ते भजन वाचवले नसते. आम्हाला प्रमाणपत्र देऊ नका. आमचे गाणे ऐका, आणि वाईट असेल तर वाईट म्हणा.

आणि आपल्यातलेच तिसरे लोक आहेत, अभिमानवाले. स्पर्धा शेवटच्या टप्प्यावर आली की यांचा मेसेज येतो: आपल्या कौमचा बच्चा आहे, व्होट करा. मी उलट विचारले, "तो गातो कसा?" उत्तर आले, "मॅडम, आपला आहे ना." हेच जर निवडणुकीत दुसऱ्या कोणी केले तर आपण त्याला जातीयवाद म्हणतो.

उर्दूत यासाठी एक सुंदर शब्द आहे: इस्लाह. दुरुस्ती. शागिर्द शेर लिहितो, उस्ताद त्यातला एखादा शब्द हलवतो आणि शेर उभा राहतो. तरुण इक्बाल आपल्या गझला टपालाने हैदराबादला दाग देहलवींकडे पाठवत. थोड्याच काळात दागनी कळवले की आता फारशी दुरुस्ती लागत नाही. या वाक्याचे मोल का आहे? कारण आधी दुरुस्ती केली गेली होती. पहिल्याच पत्राला दागनी 'आग लावलीस' म्हणून उत्तर धाडले असते, तर त्या उत्तराला काय किंमत होती?

दुसरे उदाहरण तर आपल्या मराठी मातीतले आहे. लता मंगेशकर स्वतः सांगत असत. १९४७ च्या सुमारास अनिल विश्वासांनी लोकल गाडीत त्यांची दिलीपकुमारांशी ओळख करून दिली. मुलगी मराठी आहे हे कळल्यावर दिलीपकुमार म्हणाले की, मराठी गायकांच्या उर्दूला वरण-भाताचा वास येतो. अठरा वर्षांच्या मुलीला ते लागले. तिने रडून घर डोक्यावर घेतले नाही. एका मौलवींकडे उर्दूची शिकवणी लावली. त्यानंतर त्यांनी गायलेल्या गझला मी आज माझ्या उर्दूच्या तासाला उच्चारासाठी ऐकवते. दिलीपकुमारांचे बोलणे तिरकस होते, मुलांशी असे बोलावे असे मी म्हणणार नाही. पण त्यांनी चूक नेमकी दाखवली होती. आजच्या मंचावर तीच लता उभी असती, तर 'मराठी असून काय उर्दू गातेस!' म्हणून उभे राहून टाळ्या पडल्या असत्या आणि तो वास तसाच राहिला असता.

आज तो राहतोच आहे. स्पर्धेत गझल गायली जाते आणि 'जलील' व 'ज़लील' यांतला फरक उडून जातो. एकाचा अर्थ थोर, दुसऱ्याचा अपमानित. 'राज' आणि 'राज़' एकच होतात, राज्य आणि गुपित यांचा घोळ होतो. उलट बाजूने, हिंदी पट्ट्यातला गायक मराठी अभंग घेतो आणि 'काळ'चा 'काल' करतो. यमाच्या जागी कालचा दिवस येतो! परीक्षक म्हणतात, "आपने दिल जीत लिया." माझ्या वर्गातली उर्दू घरांतली मुलेही 'ळ'ला 'ल' म्हणतात. मी त्यांना थांबवते, जीभ वळवून दाखवते, पुन्हा म्हणायला लावते. कोणी रुसत नाही.

कोणी म्हणेल, लहान मुले आहेत, कॅमेऱ्यासमोर चूक काढली तर खचतील. हा मुद्दा मला मान्य आहे. अपमान करणारे परीक्षकही आपण टीव्हीवर पाहिले आहेत, त्यात मुलाला गाणे शिकवले जात नव्हते, त्याची गंमत केली जात होती. पण टोमणा आणि दुरुस्ती यांत फरक असतो. 'तुला गाता येत नाही' हा टोमणा. 'दुसऱ्या ओळीआधी श्वास घे, म्हणजे पंचम हलणार नाही' ही दुरुस्ती. दुसरे वाक्य ऐकून कोणी खचत नाही. मूल खचते ते स्पर्धा संपल्यावर. दिवे विझतात, पुढच्या पर्वाची मुले येतात आणि याला कोणीच सांगितलेले नसते की आता कशावर मेहनत घ्यायची.

त्या दिवशी मी मुलीला पुन्हा बोलावले. म्हटले, चाल तुला नीट येते, शब्द स्वच्छ आहेत, 'ळ' चांगला आला. दुसऱ्या ओळीत तू श्वास वाचवायला गेलीस आणि स्वर खाली आला. पट्टी अर्ध्या स्वराने खाली घे. तिने मान डोलावली आणि तिथेच, सामान आवरणाऱ्या मुलांच्या गोंगाटात, पुन्हा गाऊन दाखवले. श्वास सुधारला, स्वर थोडा अजून हललाच. तेही सांगितले. मेसेज पाहून तिच्या अब्बांनी विचारले होते की पुढच्या वर्षी गाऊ द्यावे का. मी म्हटले, गाऊ द्या, आणि जो मेसेज करेल त्याला विचारा की तिचा स्वर कुठे चुकला. सांगता आले तरच पुढे बोला.

शाळेच्या स्पर्धांसाठी परीक्षकांना जो गुणांचा कागद देतो, त्यावर मी आता एक रकाना वाढवला आहे: 'काय सुधारावे'. पहिल्याच स्पर्धेत दोन परीक्षकांनी तो कोरा सोडला. तिसऱ्यांनी सगळ्या मुलांसमोर एकच शब्द लिहिला, 'छान'. कागद मी त्यांना परत नेऊन दिले.