खरेदीखतावरचे नाव

दिवाळीच्या अंकात वाटणीच्या गोष्टी काढणे अशुभ, असे कोणी म्हणेल. पण आज एका पंगतीत फराळ करणारी भावंडे उद्या वकिलाच्या पायऱ्या चढताना दिसतात, तेव्हा अशुभ कशाला म्हणावे, हे एकदा ठरवलेच पाहिजे. माझे म्हणणे सरळ आहे : आईबापांच्या पैशाने घेतलेल्या घराच्या खरेदीखतावर आईबापांचे नाव हवे. ते गाळून मुलाचे नाव घालण्यात कसलाही थोरपणा नाही.

आमचे नागापूर नगर-मनमाड रस्त्यावर, सीना नदीच्या काठी. इथल्या औद्योगिक वसाहतीत कितीकांनी हयात घालवली. निवृत्तीला फंडाचे पैसे हाती येतात, आईच्या पाटल्या मोडून त्यात भर पडते आणि जागा घेतली जाते. बांधायला कर्ज हवे; ते तरुण पगारदाराला सहज मिळते, म्हणून कागदावर थोरल्याचे नाव! वीस वर्षांनी थोरला म्हणतो, "हप्ते मी फेडले." धाकटा म्हणतो, "जागा दादांच्या पैशाची." बहीण काही बोलायच्या आत तिच्यापुढे हक्कसोडपत्र येते. तिघांच्याही बाजूला थोडेथोडे सत्य असते. पण ते सारे जाणणारा माणूस तोवर भिंतीवरच्या तसबिरीत गेलेला असतो.

हे दुखणे नवे नव्हे. बापाने मुलाच्या नावाने घेतलेली मिळकत कोणाची, हा वाद १८५४ साली बंगालमधून थेट लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला होता. इंग्लंडात असा व्यवहार मुलाला दिलेली देणगी समजत. हिंदू कुटुंबात तसे गृहीत धरू नये, पैसा कोणाचा ते पाहावे, असा निवाडा झाला. पुढे १९८८ च्या बेनामी कायद्याने अशा दाव्यांची वाट अडवली, आणि २०१६ च्या दुरुस्तीने ज्ञात उत्पन्नातून मुलाच्या नावे घेतलेली मिळकत बेनामीतून वगळली. म्हणजे दावा लावता येतो. पण पुरावा? मोडलेल्या पाटल्यांची पावती कोणी जपून ठेवली आहे?

आता दुसरी बाजू पाहा. बापाने स्वतः मिळवलेले घर त्याच्याच नावावर असेल आणि मृत्युपत्र नसेल, तर १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने पत्नी, मुलगे आणि मुली सारख्याच वाटेकरी ठरतात. काहींना नेमके हेच नको असते! मुलीचा वाटा टळावा म्हणून मुलाचे नाव घालणारे बाप मी पाहिले आहेत. याला पुत्रप्रेम म्हणायला मी तयार नाही. ही लेकीच्या ताटातली चोरी आहे, आणि भाऊबीजेच्या ओवाळणीने ती फिटत नाही.

"बापलेकांत कागद कसले? विश्वास नाही काय?" असे विचारतात. अहो, लक्ष्मीपूजनाला व्यापारी जमाखर्चाची वही पुजतो. त्याला कोणी अविश्वासू म्हणते काय? थोरल्याने हप्ते फेडले असतील तर तेही लिहा; त्याच्या घामावर आयत्या बिळावरच्या नागोबासारखे धाकट्याने बसावे, असे मी म्हणत नाही. दोघांचे पैसे असतील तर दोघांची नावे घाला, हिस्सेही लिहा. आणि पुढचे भांडण टाळायचे असेल, तर दोन साक्षीदारांसमक्ष मृत्युपत्र करा.

या दिवाळीत लेकीजावयांसह सारे घर जमेल. फराळाची ताटे उचलली की, दादा, हा विषय तुम्हीच काढा. मुलांनी तो काढला तर लोभ दिसतो. तुम्ही काढलात तर न्याय होतो.