धान्याआधी पूर येत नाही, माहितीचे काय?

पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा रस्ता बंद होतो. हे दर पावसाळ्यात घडते. म्हणूनच नवसंजीवन योजनेत दुर्गम गावांचे रेशन पावसापूर्वीच पोहोचवून ठेवतात. आरोग्याच्या डिजिटल माहितीलाही हाच नियम लावायला हवा.

केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२२ मध्ये महाराष्ट्रासह दहा राज्यांच्या नक्षलग्रस्त भागांतील २,३४३ टू-जी टॉवर फोर-जी करण्यास मंजुरी दिली. पण टॉवर ही नुसती तोटी आहे. मागची वाहिनी बारीक असेल तर धार बारीकच येणार. फायबर नसेल तिथे उपग्रहाचा आधार घ्यावा लागतो. भूस्थिर उपग्रह सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर असतो. त्यामुळे विचारणा जाऊन उत्तर परतायला जवळपास अर्धा सेकंद लागतो.

यावर उपाय आहे ‘कॅशिंग’चा, म्हणजे वारंवार लागणाऱ्या मजकुराची प्रत वापरणाऱ्याच्या जवळ साठवण्याचा. समजा, नवजात बाळाच्या काळजीचा ५० एमबीचा व्हिडिओ ३० आशाताईंनी वेगवेगळा उतरवला, तर १,५०० एमबीचा भार पडतो. तोच व्हिडिओ प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या छोट्या सर्व्हरवर एकदा उतरवला तर ५० एमबीत काम भागते. पुढे केंद्राच्या वाय-फायवरून तो प्रत्येकीच्या फोनवर जातो आणि त्यासाठी इंटरनेट लागत नाही. मोठ्या व्हिडिओ कंपन्या शहरांत हेच करतात. जिवतीच्या डोंगरात किंवा एटापल्लीच्या जंगलात त्याची गरज अधिक आहे.

मात्र सगळेच साठवता येत नाही. डॉक्टरांशी थेट बोलायचे तर जोडणी हवीच. पण व्हिडिओंचा भार हटला की त्याच बारीक वाहिनीत या संभाषणाला जागा मिळते. रुग्णाच्या नोंदी फोनवर जपून रेंज आल्यावर पाठवता येतात. त्या कुलूपबंद, म्हणजे सांकेतिक रूपात ठेवणे आवश्यक आहे.

खरा धोका शिळ्या प्रतीचा आहे. औषधाची मात्रा बदलली आणि केंद्रात जुनाच तक्ता राहिला, तर माहिती नसण्यापेक्षा ते वाईट. औषधाच्या पाकिटासारखी प्रत्येक प्रतीवर मुदत हवी आणि ती तपासणारा माणूस नेमलेला हवा. सर्व्हरला सौर वीज हवी, आणि मजकूर माडियातही हवा. हे सारे जूनपूर्वी झाले, तरच पुरात उपयोगी पडेल.