हाताला काम, मनाला सोबत

निवृत्तीच्या पहिल्या महिन्यात पुरुष कपाटं आवरतो, दुसऱ्या महिन्यात ठेवींच्या पावत्या लावतो आणि तिसऱ्या महिन्यात स्वयंपाकघरातले डबे कसे ठेवावेत, हे बायकोला शिकवू लागतो. चौथ्या महिन्यात मी गप्प झालो. कारखान्याच्या टूलरूममध्ये ३४ वर्षं काढलेल्या माणसाला सकाळी दहा वाजता काय करावं, हेच कळेनासं झालं होतं.

त्याच सुमारास मुलाकडे मेलबर्नला गेलो. माझी अवस्था पाहून सूनबाईनं एके दिवशी मला जवळच्या ‘मेन्स शेड’मध्ये नेऊन सोडलं. पत्र्याची मोठी खोली, आत करवती, रंधे, पटाश्या, आणि कोपऱ्यात चहाची किटली. माझी चौकशी कुणी केली नाही. एकानं मोडक्या पायाची खुर्ची पुढे सरकवली आणि म्हणाला, ‘जरा धरता का?’

तासाभरानं, फळीवरची नजर न हलवता, त्यानं पत्नी गेल्याचं सांगितलं. मग मीही बोलून गेलो. जिना चढताना छातीत आवळल्यासारखं होतं, हे मी दोन महिने घरात कुणालाही सांगितलं नव्हतं. त्यानं रंधा खाली ठेवला. ‘आज, घरी गेल्या गेल्या मुलाला सांगा,’ म्हणाला. सांगितलं. उपचार वेळेवर झाले, म्हणून आज हे लिहितो आहे.

या कल्पनेचं मूळ मला फार आवडलं. ऑस्ट्रेलियात घरामागे शेड असणं ही जुनी रीत. म्हातारपणी लहान घरात जायचं म्हणजे शेड सुटते, आणि तिच्याबरोबर दिवसाचा आकारही. दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या गूल्वा गावी १९९३ मध्ये अशांसाठी ‘द शेड’ सुरू झाली, तीही मॅक्सिन चेसलिंग या बाईंच्या पुढाकारानं! ‘मेन्स शेड’ हे नाव १९९८ मध्ये व्हिक्टोरियातल्या टोंगाला इथे लागलं. २००७ मध्ये देशव्यापी संघटना झाली. आज तिथे हजारावर शेड आहेत, आणि आयर्लंड-ब्रिटनमध्येही हे लोण पोचलं आहे. पुरुष समोरासमोर बसून बोलत नाहीत, खांद्याला खांदा लावून काम करताना बोलतात, अशा अर्थाचं या चळवळीचं ब्रीद आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२५ च्या अहवालानुसार जगात सहांतला एक माणूस एकटेपणानं ग्रासलेला आहे. शेड म्हणजे डॉक्टर नव्हे. पण डॉक्टरकडे जा, असं सांगणारा माणूस तिथे भेटतो.

कुणी म्हणेल, आपल्याकडे कट्टे आहेत, ज्येष्ठ नागरिक संघ आहेत. आहेत, आणि त्यांचा आधारही मोठा आहे. पण कट्ट्यावर आपण राजकारण बोलतो, क्रिकेट बोलतो, दुसऱ्यांच्या मुलांचे पगार बोलतो. स्वतःबद्दल बोलायला हात गुंतलेले लागतात.

खरी अडचण जागेची नाही. महापालिकेच्या शाळेतली एखादी रिकामी वर्गखोली आठवड्यातून दोन दिवस मिळाली, तरी पुरे. अडचण आपल्या मनातली आहे. रंधा मारणं हे ‘त्यांचं’ काम आणि सही करणं हे ‘आपलं’, अशी वाटणी आपल्या जातीपातींनी पिढ्यान्‌पिढ्या करून ठेवली आहे. निवृत्त बँक मॅनेजर निवृत्त सुताराच्या हाताखाली शिकायला बसेल का? त्या शेडमध्ये बसला होता. कोण काय होता, हे मला तिसऱ्या आठवड्यात कळलं.

परत आल्यावर माळ्यावरची हत्यारपेटी खाली काढली आणि इमारतीच्या पार्किंगमध्ये एक जुनं टेबल टाकलं. दोन दिवस सगळे नुसते बघून गेले. तिसऱ्या दिवशी वरच्या मजल्यावरचे गृहस्थ, एरवी जिन्यात मानही न हलवणारे, डगमगतं स्टूल घेऊन आले.

‘दुरुस्त करून द्याल?’

मी म्हणालो, ‘करू की. जरा धरता का?’