डफ आमचाही आहे

शिवजयंती आली की नवीन पनवेलच्या सेक्टरासेक्टरांत लाऊडस्पीकर लागतात आणि अफझलखानाच्या वधाचा पोवाडा सुरू होतो. आमची मुले अभ्यास सोडून विचारतात, "अब्बा, हा पोवाडा आपल्याविरुद्ध आहे का?" या प्रश्नाने आमच्या काळजात धस्स होते. मुलांना उत्तर द्यायचे तर आधी पोवाडाच नीट समजून घ्यावा लागेल.

१० नोव्हेंबर १६५९ रोजी प्रतापगडाखाली जे घडले, त्यावरचा हा पोवाडा शिवकाळातला. पण त्याच्या कर्त्याला कोणी अज्ञानदास म्हणते, कोणी अगिनदास. कवीच्या नावाचेच दोन पाठ! मग कडव्यांचे काय? पोवाडा कागदावर जन्मत नाही. तो गोंधळ्याच्या, शाहिराच्या गळ्यात वाढतो. गाव बदलले की कडवे बदलते, श्रोता बदलला की शेवट बदलतो. ॲक्वर्थ आणि शाळिग्राम यांनी १८९१ साली पोवाडे छापले, १९२८ साली य. न. केळकरांनी 'ऐतिहासिक पोवाडे' आणले, तेव्हा कुठे गळ्यातला पोवाडा पुस्तकात बसला. महात्मा फुल्यांनी १८६९ साली शिवरायांवर पोवाडा रचला, तेव्हा त्यांचा राजा कुळवाडीभूषण झाला. नायक एकच, पण शाहीर बदलला आणि अर्थ बदलला. ही पोवाड्याची खोड नव्हे, हा त्याचा जीव आहे.

म्हणून पाठ बदलल्याबद्दल आमची तक्रार नाही. आमची तक्रार आहे ती सगळे पाठ मारून एकच पाठ कर्ण्यावर लावणाऱ्यांशी. त्या कर्ण्यावर राजा विरुद्ध सरदार ही लढाई हिंदू विरुद्ध मुसलमान होते. परमानंदाच्या 'शिवभारता'त महाराजांच्या निवडक दहा अंगरक्षकांत सिद्दी इब्राहिम आहे. तो या कर्ण्यावर कधी ऐकलात? खानाचा वकील कृष्णाजी भास्कर होता, खानाच्या बाजूने खंडोजी खोपडे होता. त्यांच्या जातभाईंना आज कोणी जाब विचारतो का? मग आमच्याच लेकरांनी मान खाली का घालावी?

आणि शाहीर हा शब्द तरी कुठला? अरबी 'शाइर'चाच तो मराठी अवतार. उत्तर पेशवाईतले सगनभाऊ धर्माने मुसलमान, धंद्याने शिकलगार. पेशवाई बुडाल्याचे दुःख या शिकलगाराने मराठीत गायले. बार्शीचे मेहबूब हुसेन पटेल म्हणजेच शाहीर अमर शेख (१९१६–१९६९). संयुक्त महाराष्ट्रासाठी त्यांनी मैदानेच्या मैदाने पेटवली. १ मे १९६० ला जे राज्य मिळाले, त्यात या आवाजाचा वाटा नाही काय? पण सगनभाऊंची लावणी आवडीने ऐकणाऱ्या किती रसिकांना ते मुसलमान होते हे ठाऊक आहे?

आता थोडे घरातलेही बोलू. पोवाडा लागला की खिडक्या बंद करणारे आम्हीच. "ते आपले नाही" असे मुलांना सांगणारेही आम्हीच. लग्नघरात डफावर गाणाऱ्या आमच्या दादी-नानींची गाणी आम्ही गावठी म्हणून टाकली. कोणी धर्माच्या नावाने टाकली, कोणी शिकल्याच्या तोऱ्यात. कर्णेवाल्यांनी आम्हाला पोवाड्याबाहेर काढले आणि आम्ही मुकाट्याने निघालो. वारसा हिसकावून नेतात हे खरे, पण तो सोडूनही दिला जातो.

म्हणून आमचे म्हणणे साधे आहे. प्रत्येक मोहल्ल्यात म्हाताऱ्यांसमोर बसा. मोबाईल सगळ्यांच्या खिशात आहे. त्यात गाणे भरून घ्या. कोणी गायले, कोणत्या गावचे, कोणाकडून शिकले, हे लिहून ठेवा. दोघींनी एकच गाणे वेगळे गायले तर एकीला चूक ठरवू नका, दोन्ही ठेवा. आणि पुढच्या शिवजयंतीला खिडकी लावू नका. खाली उतरा, मंडळाच्या पोरांशी बोला, डफ मागा आणि सगनभाऊंचे नाव घेऊन उभे राहा.

मुलगा पुन्हा विचारील, "अब्बा, हा पोवाडा आपल्याविरुद्ध आहे का?" तेव्हा सांगता आले पाहिजे, "नाही बेटा, पोवाडा आपलाही आहे. फक्त आपले कडवे गायचे राहिले आहे."